कार्ड लॉक आहे

दाओ धावत आली तेव्हा थोंगदीच्या हातात भाजलेल्या डुकराच्या मांसाची तिसरी काडी होती आणि ओरथाई त्याला चौथी घेऊ देत नव्हती.

"फी ओरथाई, पाच वाजता ते भोंग्यावरून माझं नाव घेणार आहेत," दाओ म्हणाली. तिला धाप लागली होती, तरी थोरल्या भावंडाला लावतात ते 'फी' ती विसरली नव्हती. "अख्ख्या काठाला ऐकू जाईल असं."

"कशाबद्दल?"

"फायनलचा फोटो मी मुद्दाम घालवला म्हणून."

ओरथाईने घड्याळ पाहिलं. दोन वाजून वीस मिनिटं झाली होती.

"आधी बस."

दाओ बसली नाही. तिच्या गळ्यात कॅमेरा होता आणि तिचा अंगठा त्याच्या कार्डाच्या खाचेचं झाकण सारखं उघडत होता आणि मिटत होता. समोर नान नदीवर दोन्ही गावांचे ढोल एकाच वेळी वाजत होते, एकमेकांना ऐकू न देण्यासाठीच वाजत असल्यासारखे. शर्यत संपून सव्वा तास झाला होता. एकही माणूस घरी गेला नव्हता.

ओरथाई पूर्वी चियांग माईला एका विमा कंपनीत दाव्यांची तपासणी करायची. चार वर्षांपूर्वी ते सोडून ती खासगी चौकशा घेऊ लागली. गेल्या वर्षी पुरात दाओचा स्टुडिओ बुडाला तेव्हा कंपनीने तिचा दावा तपासायला पुन्हा ओरथाईलाच बोलावलं होतं, आणि तिने तो खरा ठरवला होता. थोंगदी निवृत्त पोस्टमास्तर; दाओच्या वयाची माणसं त्याला 'लुंग', म्हणजे काका, म्हणत. तो ओरथाईची गाडी चालवायचा आणि आपण तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे आहोत याची दर दोन तासांनी आठवण करून द्यायचा. वर्षावास संपतानाच्या होड्यांच्या शर्यती बघायला दोघं आज सुट्टी काढून आली होती.

"पहिल्यापासून सांग," ओरथाई म्हणाली. "आणि ते झाकण सोड, बिजागरी तुटेल."

दाओने हात मागे बांधला. मग बोलली.

शर्यतीची शेवटची रेषा जिथे संपते तिथे काठावर बांबूचा मनोरा होता. त्यावर तिचा कॅमेरा तिपाईला घट्ट बसवलेला, बरोबर रेषेवर रोखलेला. होड्यांमध्ये डोक्याएवढंही अंतर नसेल तर पंच फोटो बघून निकाल देतात. फायनलला था साय आणि खुंग नाम ही दोन गावं होती. दोन्ही होड्यांच्या टोकांवरची नागाची डोकी एकदमच आली. डाव्या पंचाने था सायचं निशाण उचललं, उजव्याने खुंग नामचं.

"आणि फोटो?"

"नाहीच. बटण दाबलं तर पडद्यावर अक्षरं आली, 'कार्ड लॉक आहे'."

"लॉक?" थोंगदी म्हणाला. "मग किल्ली कुणाकडे असते?"

दाओने खाचेतून कार्ड काढून त्याच्यासमोर धरलं. बोटाच्या पेराएवढं, काळं. त्याच्या डाव्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढी पांढरी पट्टी होती. "ही पट्टी वर असली की फोटो साठतात. खाली ओढली की कार्ड बंद. चुकून काही पुसलं जाऊ नये म्हणून ही सोय."

"आता वर आहे."

"तेव्हाही वरच होती, लुंग!" दाओचा आवाज फाटला. "तेच तर सांगतेय. मी कार्ड बाहेर काढलं तर पट्टी वर. म्हटलं कॅमेऱ्याला भास झाला. परत घातलं, परत तीच अक्षरं. परत काढलं, पट्टी वरच. मग शर्टाला पुसून घातलं आणि कॅमेरा चालू झाला. तोवर होड्या गेल्या होत्या. माझ्याकडे फोटो आहे तो नुसत्या लाटांचा."

"ती अक्षरं आणखी कुणी पाहिली?"

"डावे पंच शेजारीच होते, त्यांनी वाचली. म्हणून तर सगळे म्हणतायत की पट्टी हिनेच खाली केली आणि हिनेच वर केली. माझी आई खुंग नामची आहे ना! था साय जिंकलं ते हिने दाबलं, असं लुंग चेम सगळ्यांसमोर म्हणाले. ते था सायच्या होडीचे म्होरके आहेत, चाळीस वर्षं. ते म्हणाले की लोकांना दुसऱ्याचं ऐकावंसं वाटतच नाही."

"काठावर हजारभर मोबाइल होते," थोंगदी म्हणाला. "एखाद्यात तर दिसत असेल."

"सगळ्यांत दिसतंय, फी थोंगदी, पण तिरकं," ओरथाई म्हणाली. "रेषेच्या अलीकडून बघणाऱ्याला एक होडी पुढे दिसते, पलीकडून बघणाऱ्याला दुसरी. सरळ रेषेवर फक्त तो मनोरा आहे." ती दाओकडे वळली. "पाचपर्यंत काही निघालं नाही तर?"

"तर या नदीवर मला कुणी पुन्हा उभं करणार नाही. शर्यतींवरच माझं निम्मं वर्ष चालतं, फी. आणि आई खाली बसलीय, बरोबर भोंग्याखाली. उठ म्हटलं तर उठत नाही. म्हणते, मी ऐकूनच जाणार."

ओरथाई वाकून दाओच्या शर्टाकडे बघत होती. खालच्या काठाजवळ बोटभर लांबीचा फिकट पिवळा डाग होता. तिने त्याला बोट लावलं, मग बोट अंगठ्यावर घासून पाहिलं.

"कार्ड सकाळपासून तुझ्याकडेच होतं?"

"नाही. बारापर्यंतच्या चौदा शर्यती याच कार्डावर आहेत, एकदाही अडलं नाही. बाराला मी ते डबीत घालून विचियनकडे दिलं. समितीचा कारकून. तो तंबूतल्या संगणकावर फोटो उतरवून घेतो. साडेबाराला परत यायला हवं होतं, आलं एकला पाच मिनिटं कमी असताना. तिकडे होड्या सुटायला उभ्या होत्या. एरवी मी एक फोटो काढून बघते. आज तेवढाही वेळ नव्हता."

"डबी बघू."

पारदर्शक प्लास्टिकची डबी होती. तळाशी कागदाचा चौकोनी तुकडा, त्यावर दाओच्या अक्षरात आजची तारीख. ओरथाईने तो कागद उचलून उन्हात धरला. मधोमध, नाण्याएवढ्या जागेतून उजेड आरपार येत होता.

"पाणी सांडलं असेल," थोंगदी म्हणाला.

"बाराच्या सुमाराला सांडलेलं? या उन्हात?" ओरथाईने कागद परत डबीत ठेवला. "चला. आणि ती काडी टाका."

"संपवतो की. टाकायची कशाला?"

*

नॉपचं कॅमेरे दुरुस्तीचं दुकान बाजारात होतं, पण शर्यतीच्या दिवशी तो मनोऱ्याजवळच छत्री लावून बसायचा. बाराच्या सुमाराला त्याला मनोऱ्याच्या शिडीवर दोघांनी पाहिलं होतं.

"वर गेलो होतो," नॉप लगेच म्हणाला. "तिची तिपाई कुठली आहे ते बघायला. पुढच्या वर्षी ते काम मला हवंय. हे मी लपवत नाही. तिलाही माहीत आहे."

"माहीत आहे," दाओ म्हणाली. "दर महिन्याला ऐकवतो."

"कॅमेऱ्याला हात लावला?"

"ताई, मला तिचा फोटो बिघडवायचा असता ना, तर मी असला बावळटपणा केला नसता." नॉप पुढे सरकून बसला. विषय त्याच्या आवडीचा होता. "भिंग अर्धवट फिरवून ठेवलं असतं. मग कॅमेरा म्हणतो, भिंग नीट बसलेलं नाही. ते कळायलाच पाच मिनिटं जातात. किंवा बॅटरीच्या पितळेला चिकटपट्टीचा तुकडा. मग म्हणतो, बॅटरी संपली, आणि माणूस बसतो चार्जर शोधत. किंवा कार्ड दुसऱ्या कॅमेऱ्यात घालून भलतंच करून आणलं असतं. मग म्हणतो, हे कार्ड वाचता येत नाही. रोज दहा माणसं येतात माझ्याकडे असली वाक्यं घेऊन. निम्म्यांचं नुसतं पुसून देतो आणि वर हसतो."

"आणि 'कार्ड लॉक आहे' घेऊन येतात ते?"

"त्यांना पट्टी वर करायला सांगतो. तेवढंच. कार्डाला स्वतःला काही कळत नाही, ताई. त्यात कुलूप नाही, तार नाही. ती नुसती प्लास्टिकची पट्टी आहे. कॅमेऱ्याच्या आत एक बारीक पत्रा असतो, तो कडेला चाचपतो. पट्टी वर असली की पत्रा दाबला जातो. खाली असली की तिथे खड्डा लागतो आणि कॅमेरा म्हणतो लॉक. एकदा एकाची पट्टीच तुटून पडली होती. मी तिथे चिकटपट्टीचा तुकडा लावून दिला. अजून चालतंय."

"म्हणजे कॅमेरा खोटं बोलत नाही."

"कॅमेरा कशाला खोटं बोलेल? त्याला काय फायदा?" नॉपने दाओकडे पाहिलं. पहिल्यांदाच त्याने नजर खाली घेतली. "हिने केलंय असंही मला वाटत नाही. पण मला कोण विचारतंय."

"मी विचारलं ना आत्ता," ओरथाई म्हणाली. "तुझ्याकडे जुनी कार्डं आहेत? एक दे. परत देईन."

भोंगा खरखरला. समितीचा निर्णय पाच वाजता, असं आवाजाने तिसऱ्यांदा सांगितलं. दाओचा अंगठा परत झाकणावर गेला.

*

विचियन तंबूत संगणकापुढे बसून चिकट भात खात होता. चौकशी म्हटल्यावर त्याने भाताचा गोळा तसाच पानावर ठेवला.

"बाराला कार्ड घेतलं. फोटो उतरवले, सगळ्या चौदा शर्यतींचे आले. सव्वाबाराला निघालो. सरळ मनोऱ्यावर गेलो."

"सरळ?"

"सरळ."

"तीनशे पावलं आहेत," ओरथाई म्हणाली. "मी आत्ता मोजत आले. चाळीस मिनिटं लागली तुम्हाला?"

"गर्दी होती."

"ते खरं आहे," थोंगदी म्हणाला. "मला एका बाईने ढकललं. मी वयाने मोठा आहे असं सांगितलं तरी."

विचियनने हात पुसायला कापड शोधलं. त्याच्या उजव्या मनगटावर आशीर्वादाचा दोरा बांधलेला होता, टोकं नुकतीच कापल्यासारखी, पांढराशुभ्र. ओरथाईच्या स्वतःच्या हातावर परवाच्या विहाराचा दोरा होता. तो धुळीने राखाडी झाला होता.

"डबी वाटेत कुणाला दिली होती?"

"कुणालाही नाही," विचियन ताठ बसून म्हणाला. "कुणाच्याही हातात दिली नाही. माझ्या आईची शपथ."

"राहू द्या, आईला मध्ये आणू नका," ओरथाई म्हणाली. "तुम्ही खरं बोलताय हे मला कळतंय."

बाहेर आल्यावर थोंगदी म्हणाला, "खरं बोलतोय म्हणजे संपलंच की. कुणाच्या हातात दिलीच नाही."

"हातात दिली नाही, असं म्हणाला."

"तेच मी म्हणतोय."

"नाही," ओरथाई म्हणाली, आणि झपझप चालायला लागली.

*

तंबू आणि मनोरा यांच्या बरोबर मध्ये था सायचा घाट होता. पलीकडे, मनोऱ्यापल्याड, खुंग नामचा. आधी ती तिघं खुंग नामच्या घाटावर गेली. होडी काठाला ओढून ठेवली होती. नागाच्या डोक्यावर पांढऱ्या गंधाचे तीन ठिपके होते, वाळून तडे गेलेले.

"तुमचा आशीर्वाद कधी झाला?" ओरथाईने एका वल्हेकऱ्याला विचारलं.

"सकाळी सातला, विहारातच. काठावर तमाशे आम्ही करत नाही. आणि नुसतं पाण्यात कालवलेलं गंध. दोन वर्षांपूर्वी तेलाने वल्ही निसटली तेव्हापासून आमच्या लुआंग फोंनी तेल बंदच केलंय. भिक्खू असले तरी वल्हं मारलेला माणूस आहे तो!" त्याने दाओकडे पाहिलं. "घाबरू नकोस, पोरी. आम्ही आहोत."

"तुम्ही आहात म्हणूनच घाबरलेय," दाओ पुटपुटली.

था सायच्या घाटावर पंचावन्न वल्हेकरी होडीभोवती बसले होते. बसले होते म्हणजे दर मिनिटाला कुणीतरी उठत होता, नदीकडे बघत होता, परत बसत होता. दाओ वरच थांबली. खाली उतरायची तिची छाती झाली नाही.

लुंग चेम अडुसष्ट वर्षांचे. बारीक, उन्हाने करपलेले. त्यांनी ओरथाईला वाकून नमस्कार केला, बसायला चटई दिली, आणि मग म्हणाले, "त्या मुलीसाठी आला असाल तर वेळ फुकट जाईल."

"तुम्हाला तिचा राग आहे?"

"राग नाही. पंचावन्न माणसं चार महिने पहाटे उठली. मजुरी सोडून आली. त्यांचं काय झालं ते एका टिचभर वस्तूत होतं, आणि ती वस्तू तिच्या हातात होती. दुसऱ्या कुणाच्या होती का?"

"तुम्ही दुपारी कुठे होतात?"

"इथेच. बारापासून होडीचा आशीर्वाद चालला होता, पाऊण वाजेपर्यंत. मंत्र चालू असताना वाटेवर पवित्र दोरा ताणलेला असतो. कुणी ये नाही, कुणी जा नाही. संपलं की तोच कापून हजर असलेल्यांच्या मनगटाला बांधतात. मी इथून पाऊलभर हललो नाही. पंचावन्न साक्षीदार आहेत."

"मनोऱ्यावर कधी गेलात?"

"जन्मात नाही. त्या शिडीवर हे गुडघे चढतील?"

तेवढ्यात मागून आवाज आला. "अरे!" थोंगदी होडीच्या डोक्याला टेकून उभा राहिला होता आणि त्याचा हात निसटला होता. नागाचं कपाळ चकाकत होतं. गंधाच्या तीन ठिपक्यांवर पिवळट तेल, चंदनाचा वास. थोंगदीने तळवा विजारीला पुसला.

"होडीच्या डोक्याला हात लावू नका!" चेम कडाडले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मोठे आहात, म्हणून बोलत नाही."

"मोठा आहे हे याला लगेच कळलं," थोंगदी ओरथाईच्या कानात म्हणाला.

ओरथाई त्याच्या विजारीवरच्या डागाकडे बघत होती.

"किती वाजले?" तिने विचारलं.

"चार."

"समितीच्या अध्यक्षांना सांगा, तंबूत पाच माणसं हवीत. दाओ, विचियन, नॉप, डावे पंच आणि लुंग चेम. गुडघे दुखत असतील तर उचलून आणा."

*

तंबूत पंखा होता, पण तो अध्यक्षांकडे तोंड करून होता. बाकीचे घामेजत उभे राहिले. बाहेरचे ढोल आत ऐकू येत होते.

"मी आधी कॅमेऱ्याचं म्हणणं सांगते," ओरथाई म्हणाली. "तो म्हणाला, कार्ड लॉक आहे. दाओ म्हणते, पट्टी वर होती. सगळ्यांनी धरून चाललं की दोघांपैकी एक खोटं बोलतोय. कॅमेऱ्याला खोटं बोलता येत नाही, म्हणून मग दाओ. मी वेगळं धरून पाहिलं. दोघंही खरं बोलत असतील तर?"

"एकच पट्टी एकाच वेळी वर आणि खाली?" अध्यक्ष म्हणाले.

"एकाच वेळी नाही. दाओने पट्टी पाहिली ती कार्ड बाहेर असताना. कॅमेऱ्याने चाचपली ती कार्ड आत असताना. म्हणजे आत जाताना पट्टी खाली जात होती आणि बाहेर येताना वर."

ओरथाईने नॉपचं जुनं कार्ड काढलं. "दाओ, कॅमेरा."

तिने कोरडं कार्ड घातलं. पडद्यावर काहीच आलं नाही. काढलं, घातलं, पाच वेळा. प्रत्येक वेळी कॅमेरा तयार होता. मग तिने थोंगदीला पुढे ओढलं, त्याच्या विजारीवरच्या डागावर बोट दाबलं आणि ते बोट कार्डाच्या कडेवरून, पट्टीवरून फिरवलं.

"माझी विजार..." थोंगदी म्हणाला.

तिने कार्ड आत ढकललं. पडद्यावर अक्षरं आली, 'कार्ड लॉक आहे'. डावे पंच पुढे वाकले. ओरथाईने कार्ड बाहेर काढून त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं. पट्टी वर होती.

"परत करा," पंच म्हणाले.

तिने दहा वेळा केलं. सात वेळा अक्षरं आली. दहाही वेळा बाहेर आलेल्या कार्डाची पट्टी वर होती.

"खाच अरुंद असते," ती म्हणाली. "कार्ड आत सरकतं तेव्हा खाचेची कड पट्टीला मागे ढकलते. बाहेर येताना तीच कड तिला पुढे ओढते. कोरडी पट्टी घट्ट असते, ती ऐकत नाही. तेल लागलेली ऐकते. दाओने कार्ड शर्टाला पुसलं आणि ते चालू झालं, ते का, हे आता कळलं असेल. शर्टावर डाग आहे. डबीतल्या कागदावर पण आहे. पाणी असतं तर कधीच उडून गेलं असतं. तेल कागदात राहतं आणि कागदातून उजेड दिसायला लागतो."

दाओने शर्टाचा काठ मुठीत धरला.

"म्हणजे कुणीतरी तेल लावलं," अध्यक्ष म्हणाले. "घातपात."

"मलाही आधी तेच वाटलं. मग नॉपचं बोलणं आठवलं. कॅमेरा बिघडवायचे याच्याकडे तीन उपाय आहेत आणि तिन्ही सोपे. ज्याला कार्डातलं कळतं तो पट्टी खाली करेल, कार्ड लपवेल, मोडेल. तेल लावणार नाही. तेलाने काय होईल हे मलाही दहा वेळा करून बघावं लागलं. तेव्हा मी प्रश्न फिरवला. नुकसान करायला कुणी तेल लावत नाही. मग माणूस एखाद्या वस्तूला तेल कशासाठी लावतो?"

बाहेर था सायचा ढोल एकदम थांबला आणि परत सुरू झाला.

"भलं व्हावं म्हणून," थोंगदी हळूच म्हणाला. तो स्वतःच चकित झाला.

"खुंग नाम तेल वापरत नाही, आणि त्यांचा आशीर्वाद सकाळी सातला उरकला होता. तेल फक्त था सायच्या घाटावर होतं, बारा ते पाऊण. लुंग चेम तिथून हलले नाहीत. खरं आहे. त्यांना हलायची गरजच नव्हती. कार्ड त्यांच्याकडे आलं." ती वळली. "विचियन, तुमचा दोरा अजून पांढरा आहे."

विचियनने दुसऱ्या हाताने मनगट झाकलं. मग झाकून उपयोग नाही हे त्यालाच कळलं.

"वाट अडली होती," तो म्हणाला. "ताणलेला पवित्र दोरा ओलांडून कसा जाणार? म्हटलं, संपेपर्यंत बसू. सगळे हात जोडून बसले होते."

"आणि हात जोडताना हातात वस्तू धरत नाहीत."

"चटईवर ठेवली डबी. समोरच. नैवेद्याच्या ताटाशेजारी. डोळे मिटले होते माझे. कुणाच्या हातात नाही दिली, ताई, खरंच! शेजारच्याने विचारलं यात काय आहे, तर म्हटलं सकाळचे सगळे फोटो आहेत आणि फायनलही यातच येणार आहे. तेवढंच बोललो. उशीर झाला म्हणून मग सांगायची भीती वाटली. नोकरी जाईल."

आता सगळे लुंग चेमकडे बघत होते. ते कार्डाकडे बघत होते.

"मी होडीला लावतो," ते म्हणाले. आवाज फार हळू होता. "वल्ह्यांना लावतो. ढोलाला लावतो. जे जे आमच्यासाठी राबणार त्याला तीन ठिपके. हा पोरगा म्हणाला, फायनल यातच येणार. मग ते पण राबणारच की. डबी उघडली आणि लावलं. त्यात चोरून काही नव्हतं. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते, इतकंच." ते थांबले. "त्याने बंद पडेल हे मला माहीत नव्हतं."

"मला माहीत आहे," ओरथाई म्हणाली. "माहीत असतं तर तुम्ही दाओवर आळ घेतला नसता. तुम्ही खोटं बोलणारे नाही."

अध्यक्षांनी घसा साफ केला. त्यांच्या पुढ्यात नियमांची वही होती, पण त्यांनी ती उघडली नाही. "लुंग, अंतिम रेषेच्या साहित्याला स्पर्धक गावाच्या माणसाने हात लावला तर..."

"होडी बाद," चेम म्हणाले. "तो नियम मीच घालायला लावला होता. एकोणीस वर्षांपूर्वी."

"हे फक्त तर्काने जुळवलेलं आहे," अध्यक्ष ओरथाईकडे बघून म्हणाले. त्यांचा घाम आता पंख्यालाही ऐकत नव्हता. "डोळे सगळ्यांचे मिटलेले. पाहिलं कुणीच नाही. लुंग नाही म्हणाले असते तर..."

"तर माझ्याकडे एक डागाळलेला कागद आणि एक विजार उरली असती," ओरथाई म्हणाली. "तेवढ्यावर तुम्ही दाओला सोडलं असतं की नाही, मला सांगता येत नाही."

पाचला सहा मिनिटं होती. चेम उठले. गुडघ्यावर हात ठेवून उठले, पण कुणी पुढे केलेला हात घेतला नाही. भोंग्याचा माइक टेबलावर होता. तो त्यांनी स्वतः उचलला आणि कुठलं बटण दाबायचं ते विचियनला विचारलं.

"मी था सायचा चेम," ते म्हणाले. त्यांचा आवाज बाहेर, नदीवर, दोनदा ऐकू आला. "त्या मुलीने काही केलेलं नाही. कार्ड माझ्या हाताने बिघडलं. तेल लावलं मी. मी तिच्याबद्दल जे बोललो ते परत घेतो, आणि सगळ्यांसमोर तिची माफी मागतो. आमची होडी बाद आहे."

ढोल बंद पडले. दोन्हीकडचे. इतका वेळ कानात असलेला आवाज गेल्यावर तंबूतला पंखा केवढ्यांदा घरघरतो ते सगळ्यांना कळलं.

मग खुंग नामच्या घाटावर कुणीतरी ओरडलं, आनंदाने नव्हे, काहीतरी विचारल्यासारखं. दाओने तंबूचं कापड बाजूला करून पाहिलं. भोंग्याखाली तिची आई उभी राहिली होती आणि खांद्यावरचं वस्त्र नीट करत होती, आता निघायला हरकत नाही अशी.

दाओने तिला हात केला. ती तशीच पळत सुटणार होती. पण चेम माइक ठेवून तिच्याकडे वळले होते.

"पोरी," ते म्हणाले. "कार्डाचं जाऊ दे. तू तर रेषेवर होतीस. तुझे डोळे तर उघडे होते."

"हो, लुंग."

"कोण पुढे होतं?"

दाओने ओरथाईकडे पाहिलं. ओरथाईने काहीच खूण केली नाही. यात तिला सांगण्यासारखं काही नव्हतं.

"मला माहीत नाही, लुंग," दाओ म्हणाली. "होड्या रेषेवर आल्या तेव्हा मी पडद्यावरची अक्षरं वाचत होते."

चेम बराच वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती खोटं बोलत असती तर त्यांना बरं वाटलं असतं. मग ते तंबूबाहेर आले आणि एकेक पायरी मोजत घाटाकडे उतरू लागले. खाली पंचावन्न माणसं उभी राहून त्यांच्याकडे बघत होती, आणि त्यांच्यातल्या प्रत्येकाला तेच विचारायचं होतं.